शीटवर भरवसा नाय!

आमच्या आरोग्य केंद्रात किस्से कोणी लिहून ठेवत नाही, तरी ते साचतात. दुपारी जेवणाचे डबे उघडले की कोणीतरी एक काढतो, त्याला धरून दुसरा निघतो, आणि हात धुवायला उठेपर्यंत बाहेर बाकावर बसलेले पेशंटसुद्धा त्यात आपली भर घालतात. माझ्याकडे साचलेत ते जवळजवळ सगळे स्प्रेडशीटचे. आता शीटमध्ये हसण्यासारखं काय असतं, असं तुम्ही विचाराल. मीही आधी असंच समजत होते.

मी मनीषा, केंद्राची डेटा एंट्री ऑपरेटर. केंद्र शहापूर तालुक्यात, किन्हवलीवरून आत. नाव सांगत नाही, कारण ज्यांचे किस्से सांगणार आहे ते सगळे अजून नोकरीत आहेत आणि रोज माझ्या शेजारी बसून जेवतात!

दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला. रजिस्टरं हळूहळू बंद करायची, प्रत्येकाने आपापली शीट भरायची, फॉर्म्युले शिकायचे. शिकवणार कोण? डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी शहापूरला तीन महिन्यांचा क्लास केलेला. बेरीज, सरासरी, रंग, चौकटी सगळं शिकले होते. पण वयाने मोठ्या माणसांना कसं शिकवायचं, हे त्या क्लासमध्ये नव्हतं. त्यात आमच्याकडच्या माणसांचा स्वभाव असा, की कोणी आपण होऊन काही शिकवायला आलं की पहिला प्रश्न येतो, "यात तुझं काय?"

* * *

सगळ्यात पहिला संशय भोईरभाऊंना आला. भोईरभाऊ म्हणजे आमचे फार्मासिस्ट. रिटायरमेंटला चार वर्षं राहिलेली, चष्मा कपाळावर, आणि औषधाचं कपाट उघडताना आधी मागे वळून बघायची सवय.

मी त्यांना बेरजेचा फॉर्म्युला शिकवला. जलसंजीवनीच्या पाकिटांची यादी होती, खाली एंटर मारला, बेरीज आली. भाऊ स्क्रीनकडे बघत राहिले. मग खिशातून कॅल्क्युलेटर काढला आणि सगळे आकडे पुन्हा मारले. जुळलं. मग कॅल्क्युलेटर खरा की खोटा म्हणून कागदावर बेरीज केली. तीही जुळली.

"आता तरी पटलं ना भाऊ?"

"आज जुळलं," भाऊ म्हणाले. "उद्याचं उद्या बघू."

पुढे महिनाभर रोज असंच. शीट, कॅल्क्युलेटर, कागद. आणि एक दिवस भाऊ जवळजवळ पळत माझ्या टेबलाशी आले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"चुकली! तुझी शीट चुकली! चाळीस कमी दाखवते!"

मी बघितलं. एका ओळीत भाऊंनीच लिहिलं होतं, '40 नग'. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही पुढे 'नग' लिहिलंत. त्यामुळे शीटला तो आकडा वाटत नाही, शब्द वाटतो. ती बेरजेत धरत नाही."

"चाळीस नग हा आकडा नाय, तर काय माणूस आहे?"

"नुसतं चाळीस लिहायचं भाऊ."

"नुसतं चाळीस म्हंजे काय गो? चाळीस पाकिटं? चाळीस खोके? चाळीस गोळ्या?" भाऊंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आणि तिला हे विचारावंसं पण वाटत नाय! नुसतं चाळीस दिलं की गपचूप घेते. असल्या बाईच्या ताब्यात मी कपाट देईन का?"

* * *

विशेसिस्टर आमच्या नर्स. चोवीस वर्षं नोकरी, निम्म्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली. त्या माझ्याशी पंधरा दिवस बोलत नव्हत्या. का, ते मला कळेना. डब्यातली चटणीसुद्धा मला वगळून पुढे सरकायची.

शेवटी शिपाई रघुनाथमामांनी सांगितलं. "तुमी सिस्टरची तारीख लपवली ना?"

"कसली तारीख?"

"बदलीची! शीटमधी सगळं दिसतं, आन् तारखेच्या रकान्यात नुसत्या जाळ्या मारल्यात."

मी कर्मचाऱ्यांची शीट उघडली. 'बदलीस पात्र दिनांक' असा एक रकाना होता, आणि त्यात वरपासून खालपर्यंत नुसते ####. रकाना अरुंद झाला की तारीख मावत नाही, मग शीट अशी जाळी दाखवते. एवढंच.

पण सिस्टरना वाटलं, एटीएमवर पिन झाकतात तशी आपली तारीख मुद्दाम झाकली. त्यांनी मुरबाडला मिस्टरांना फोन करून सांगितलं होतं, "बदली झालेली दिसते, लपवून ठेवलीय. सिद्धगडाच्या पायथ्याला टाकतात वाटतं." मिस्टरांनी तिकडे भाड्याच्या खोलीची चौकशी पण सुरू केलेली!

मी सिस्टरना बोलावलं. रकान्याच्या कडेला माउस नेला, दोनदा टिचकी मारली. रकाना रुंद झाला, तारखा दिसल्या. सिस्टरची बदली अजून दीड वर्ष लांब होती.

सिस्टरनी आपल्या तारखेवर बोट ठेवलं. "एवढंच? रुंद केलं असतं तर दिसलं असतं?"

"हो ना."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "मग अरुंद कोणी केलं?"

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

* * *

एक लहानसा सांगते. जन्मलेल्या बाळांच्या वजनाची शीट आशाताई भरतात. एका पाड्याच्या आशाताईंची शीट आली आणि डॉक्टर मॅडमच्या भुवया वर गेल्या. पहिलं बाळ अडीच किलो, दुसरं दोन किलो सहाशे, तिसरं दोन किलो सातशे. प्रत्येक बाळ आधीच्या बाळापेक्षा बरोबर शंभर ग्रॅम जास्त! शेवटचं बाळ चार किलो नऊशे!

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "ही बाई घरी बसून आकडे टाकते."

आशाताईंना बोलावलं. त्या घाबरून गेल्या. "नाय मॅडम, मी दोनच वजनं टाकली. मग कोपऱ्यातला ठिपका धरला नि खाली ओढला. बाकीची आपली आपण आली. मना वाटलं, मशीनला ठाऊक असतील."

दोन सेल धरून ओढले की शीट पुढचे आकडे स्वतः भरत जाते, हे मीच शिकवलं होतं. मी मान खाली घातली. पण सिस्टर यादी वाचत होत्या. त्या अचानक थांबल्या.

"मनीषा, ह्यातल्या सहा बायांची बाळंतपणं अजून व्हायचीत गो! पोटातल्या पोरांची वजनं आली!"

सिस्टरनी यादी घडी करून मला परत दिली.

"आता तिला सांग, एवढ्यावर थांब म्हणावं. मुलगा का मुलगी ते पण ओढलं, तर आपण सगळे आत जाऊ!"

* * *

पुढच्या किश्शात चूक माझी होती.

जून संपत आला होता. लावणीचे दिवस. औषधांच्या शीटला मी रंगांचा नियम लावला होता. ज्या औषधाची मुदत संपली, तो सेल आपोआप लाल. दिल्ली-मुंबईच्या दवाखान्यात असतं तसं आपल्याकडे आहे, म्हणून मी जरा मिरवत होते. एका सकाळी शीट उघडली तर सर्पदंशाच्या लशीची ओळ लाल! पूर्ण साठा!

डॉक्टर मॅडम धावत आल्या. मुदत संपलेली लस चुकून कोणाला टोचली तर काय होईल, या विचाराने त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी भोईरभाऊंना सांगितलं, "आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. तालुक्याला परत पाठवा, नवीन मागवा."

"नाय," भाऊ म्हणाले.

मॅडमचा आवाज चढला. "भाऊ, शीटमध्ये स्पष्ट दिसतंय. लाल आहे."

"शीटमधी लाल आहे. फ्रीजमधी काय आहे ते मी बघितल्याबिगर एक बाटली हलवणार नाय. तुमी मेमो द्या."

मॅडम मेमो लिहायला बसल्यासुद्धा. भाऊ फ्रीजकडे गेले. एकेक खोका काढून, चष्मा पुसून, उजेडात धरून वाचत होते. पाच मिनिटांनी एक खोका घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवला. खोक्यावर छापलं होतं, 06/27. म्हणजे महिना सहावा, वर्ष सत्तावीस. अजून मुदत होती.

मी भरताना तेच टाकलं होतं, 06/27. कॉम्प्युटरने त्याचा अर्थ लावला, याच वर्षीचा जून, तारीख सत्तावीस. आणि त्या दिवशी होती अठ्ठावीस!

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मॅडमनी लिहिलेला मेमो फाडला. भाऊंनी खोका फ्रीजमध्ये परत ठेवला, जागच्या जागी.

दोन दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, चार माणसांनी एका बाईला जीपमधून आणलं. लावणी करताना घोणस चावलेली. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. शहापूरला न्यायचं तर रस्त्यावर झाड पडून जीप-टेम्पोची रांग लागलेली. मॅडमनी फक्त मागे वळून हात पुढे केला आणि भाऊंनी त्या हातात बाटली ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. दहा बाटल्या गेल्या. मी दारात उभी राहून मोजत होते. दुसरं काही करणं मला सुचत नव्हतं.

बाई वाचली. चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं तेव्हा मी भाऊंजवळ गेले. "भाऊ, तुम्ही नसता तर..."

भाऊ कपाटाला कुलूप लावत होते. त्यांनी कुलूप दोनदा ओढून बघितलं.

"शीटचं काय चुकलं नाय गो. तिला जे सांगितलं ते तिनं सांगितलं," ते म्हणाले. "पण तिला फ्रीज उघडता येतो का?"

* * *

मोतीबिंदूच्या शिबिराला एक आजोबा आले होते. हातात काठी, डोक्याला फडकं, पाय धुळीने पांढरे. मी त्यांचं नाव शोधायचा फॉर्म्युला टाकला. शीटने उत्तर दिलं, #N/A. म्हणजे यादीत असं कोणी नाही.

"आजोबा, तुमचं नाव सापडत नाही."

"मग मी कोण आहे?"

"तसं नाही हो. मशीन म्हणतंय..."

"मशीनला सांग, दोन तास चालत आलाय म्हणावं."

मी पुन्हा शोधलं. पुन्हा तेच. आजोबांनी काठी जमिनीवर आपटली. "मना म्हाइत होतं! पुतण्यांनी काढलं नाव! बांधाचं भांडण आहे ना. आता डोळं पण मिळू देत नायत!"

मी एकेक नाव डोळ्यांनी बघत खाली गेले. आजोबा होते यादीत, अगदी व्यवस्थित. फक्त लिहिणाऱ्याने नावाच्या आधी चुकून एक जागा मोकळी सोडली होती. आपल्याला ती दिसत नाही, पण शीटला तेवढ्यानेही नाव वेगळं वाटतं. मी आजोबांना समजावलं, नाव आहे, काळजी करू नका, नावाच्या आधी एक जागा सुटली होती एवढंच.

आजोबांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तसे पहिले माझ्याच टेबलाशी आले. मला नीट न्याहाळून बघितलं. मला वाटलं, आशीर्वाद देतील.

"आता खरं सांग पोरी," ते हळूच म्हणाले. "ती जागा कोणासाठी सोडली होती?"

* * *

पष्टे आमचे आरोग्यसेवक. उंबरमाळीकडचे. ताप असलेल्या घरांना भेटी द्यायच्या, रक्ताचे नमुने घ्यायचे, हे त्यांचं काम. बावीस वर्षं पायी फिरून तालुक्याचा प्रत्येक पाडा त्यांना पाठ. बोलतात कमी. मिश्या मात्र भरघोस.

सर्पदंशाच्या लशीनंतर मी रंग सोडले नव्हते, उलट वाढवले. पष्ट्यांच्या शीटमध्ये ज्या घरी जायचं राहिलंय ते लाल, जिथे जाऊन झालं ते हिरवं. छापील कागद त्यांच्या हातात द्यायचा, ते निघायचे.

पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. जिथे ताप उतरला होता त्या घरी पष्टे तीन-तीनदा जात होते, आणि जिथे माणूस तापाने फणफणत होता तिथे फिरकत नव्हते. लोक म्हणाले, पष्टे ओळखीच्या घरी चहा प्यायला जातात. रघुनाथमामा म्हणाले, "चढणीची घरं टाळतो तो, मी बघून आहे." सिस्टर म्हणाल्या, "बावीस वर्षांत असं कधी केलं नाय. पण माणसाचं काय सांगावं." आणि मी? मीही यादी घेऊन त्यांच्या भेटी गुपचूप तपासायला लागले. आज सांगायला लाज वाटते.

डॉक्टर मॅडमनी त्यांना बोलावलं. माझ्यासमोर. "पष्टे, लाल घरं तेवढी करायची, एवढं साधं आहे."

पष्टे कागदाकडे बघत उभे होते. कपाळावर घाम. "मॅडम, यातली लाल कंची?"

मला वाटलं, चेष्टा करतात. मॅडमनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांचा चेहरा कडक झाला. पण मग त्या थांबल्या. कपाटातून एक पुस्तक काढलं. त्यात पानभर रंगीत ठिपके असतात आणि ठिपक्यांमध्ये एक आकडा लपलेला असतो. त्यांनी मधलं एक पान पुढे धरलं.

"यात काय दिसतं?"

"ठिपके."

"आणि आकडा?"

"आकडा कुठाय?"

मला लांबूनही आकडा दिसत होता. मॅडमनी सात-आठ पानं उलटली. पष्ट्यांना सगळीकडे ठिपकेच. त्यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसतच नव्हता. जन्मापासून! आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, माझ्या शीटमुळे, ते त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं. "पष्टे, इतकी वर्षं तुम्हाला कधी शंका आली नाही? गाडी चालवताना? सिग्नलला?"

"शहापुरात सिग्नल कुठाय मॅडम?"

त्यांनी हातातला कागद घडी केला. "लग्नात बायकोला हिरवी साडी होती. सगळे म्हणाले हिरवी, मी पण म्हणालो हिरवी. मना वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं आन् नावं तेवढी पाठ करायची असतात. शाळेत पाढे करतो तशी."

मला रडायला आलं. मी म्हटलं, "पष्टेकाका, माझं चुकलं. मी रंग काढून टाकते. राहिलेल्या घरापुढे फुली मारते, काळी, ठळक."

पष्ट्यांनी मान हलवली. उठले, पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेले आणि परत वळले. आता त्यांच्या डोळ्यांत वेगळाच संशय होता.

"मॅडम, एक विचारू? तुमा सगळ्यांना जे दिसतं तेच खरं, हे कोणी तपासलंय?"

* * *

आणि आता बुधीचा.

जिल्ह्याकडून एक शीट आली. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतल्या गरोदर बायांची एकत्र यादी. सोबत सूचना होती, दुबार नावं शोधून काढून टाकावीत. हे काम शीटमध्ये फार सोपं. एक बटण असतं. दाबलं की दुसऱ्यांदा आलेलं प्रत्येक नाव जातं, विचारतही नाही. पण मी आता शहाणी झाले होते. आधी बघितलं, कोण कोण जाणार आहे.

बहुतेक नावं टायपिंगच्या चुकीने दोनदा पडली होती. एक मात्र वेगळं. बुधी उघडे, वय बावीस. नवऱ्याचं नाव तेच, बाळंतपणाचा महिना तोच. पत्ते दोन. एक आमच्याकडचा पाडा, दुसरी मुरबाड तालुक्यातली, नदीपलीकडची वाडी.

"दोन्हीकडून गोळ्या घेत असेल, दोन्हीकडून आहार," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "एक काढून टाक."

"चौकशी केल्याबिगर नाय," सिस्टर म्हणाल्या. "चल गो मनीषा."

बुधी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. सातवा संपत आलेला. आम्हाला बघून उठायला लागली, सिस्टरनी खांदा दाबून बसवलं आणि थेट विचारलं, "बुधे, तुझं नाव दोन ठिकाणी कसं गो?"

मला वाटलं, नाकबूल करेल. ती शेंग सोलत म्हणाली, "मीच घातलं. हितं सासरी आशाताईकडं, तिथं मायेरी तिकडच्या सिस्टरकडं."

"नाव एकाच ठिकाणी घालायचं असतं."

"मागच्या खेपेला एकाच ठिकाणी होतं."

आणि मग तिने सांगितलं. मागच्या खेपेला नाव इथल्या यादीत होतं, पण कळा माहेरी सुरू झाल्या. फोन केला. गाडी निघाली, ती यादीतल्या पत्त्यावर, इथे, याच अंगणात. सासूने सांगितलं, ती माहेरी आहे, नदीपलीकडे. ड्रायव्हर म्हणाला, तो दुसरा तालुका, आमच्या यादीत पत्ता हा आहे. गाडी वळली आणि परत गेली. भावांनी तिला झोळीत घालून सडकेपर्यंत उचलून नेलं.

"सडकेला पोचलो तवर पोर गेलं होतं," बुधी म्हणाली. "यादीत नाव बरोबर होतं माझं. सगळं बरोबर होतं."

सिस्टरनी तिच्या पुढ्यातली एक शेंग उचलली आणि सोलायला लागल्या. मीही एक घेतली.

मग बुधीनेच विचारलं. "आता दोनीमधलं कंचं नाव काढताय? जे ठेवलं तर गाडी नक्की येईल, ते ठेवा. कंचं ते तेवढं सांगा."

सिस्टरनी सोललेले दाणे तिच्या पुढ्यात ठेवले आणि उठल्या.

परत येऊन मी ते बटण दाबलं नाही. बाकीची दुबार नावं हाताने एकेक काढली. बुधीच्या दोन्ही ओळींच्या शेवटी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'दुबार नाही. एक सासरी, एक माहेरी.' डॉक्टर मॅडमनी वाचलं. "हे सूचनेत बसतं?"

"नाही मॅडम."

त्यांनी सूचनेचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाल्या, "सेव्ह कर."

बुधीला मुलगी झाली. दोन किलो आठशे, आणि आवाज असा की वॉर्डातले सगळे जागे झाले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही जिवाला घोर लावून ऐकणार नाही.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी दहा वाजता, सासरी. सासूने आमच्याकडे फोन केला, आमची गाडी सिस्टरना घेऊन निघाली. बुधीच्या आईला कळलं तसा तिने मुरबाडकडे फोन केला. ती गाडी वाडीवर आली, आई आत बसली ती उतरेचना, शेवटी गाडी पुलावरून इकडे आली. दोन्ही गाड्या त्या एवढ्याशा अंगणात तोंडाला तोंड लावून उभ्या! दोन्ही ड्रायव्हर खाली उतरलेले, दोघांच्या हातात कागद.

"पेशंट आमच्या यादीत आहे!"

"आमच्या पण आहे! हे बघ नाव!"

"तुझ्या यादीत कसं असेल? हा तालुका शहापूर!"

पाड्यातली सगळी माणसं गोळा झाली. सिस्टर ओरडत होत्या, कोणी ऐकेना. बुधी कमरेवर हात ठेवून दारातून बाहेर आली. एक कळ गेली होती, दुसरी यायची होती. ती आमच्या गाडीपाशी आली, वाकता येईना तरी चाकाकडे बघितलं. मग मुरबाडच्या गाडीभोवती फिरली, तिचीही चाकं बघितली. दोन्ही ड्रायव्हरांचे कागद खाली आले.

"भांडू नका," ती म्हणाली. "हिच्यात मी बसते. ती मागनं येऊ द्या."

मुरबाडचा ड्रायव्हर म्हणाला, "मागनं? रिकामी गाडी कशाला आणू मी?"

बुधी दांडा धरून गाडीत चढत होती. चढता चढता थांबली आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू एवढंही याला कळू नये!

"आन् ही बंद पडली तर?"